एका भित्र्या माणसाचे पराक्रम

अमेरिकन माणसाच्या कर्तबगारीबद्दल माझ्या मनात नितांत आदर आहे. पण कशाला काय नाव द्यायचं हे काम त्याच्याकडे सोपवू नये, असं माझं प्रामाणिक मत आहे. (नावं ठेवण्याचं काम आपण मराठी माणसं वर्षानुवर्षं चोख करतोच आहोत.) ज्या खेळात चेंडू बहुतेक वेळ हातात असतो, काखेत असतो, पोटाशी कवटाळलेला असतो, त्या खेळाला हे लोक फुटबॉल म्हणतात. बरं, चेंडू तरी चेंडूसारखा असावा? सोललेला नारळ दोन्ही टोकांना धरून ओढला तर जे काय होईल, तो यांचा चेंडू. मधूनच एक सडपातळ गृहस्थ बाहेरून येतो, त्या नारळाला एक लाथ घालतो आणि पुन्हा बाकावर जाऊन बसतो. सहीपुरते ऑफिसात येणारे साहेब मी पुष्कळ पाहिले, पण लाथेपुरता कामावर येणारा माणूस मी तिथेच पाहिला.

हे सगळं मला कळायचं कारण आमचे जावई. मुलगी-जावई कॅलिफोर्नियात सांता क्लाराजवळ राहतात आणि अधूनमधून आम्हा दोघांना चार-सहा महिने तिथे नेऊन ठेवतात. त्यांच्या घरापासून मोटारीच्या अंतरावर ‘सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनायनर्स’ या संघाचं मैदान आहे. सॅन फ्रान्सिस्को तिथून चाळीसेक मैल दूर आहे. पण २०१४ साली संघ मैदान बदलून इकडे आला आणि नाव तिकडेच राहिलं. लालबागची चाळ सोडून डोंबिवलीला गेलेली माणसं स्वतःला गिरगावकरसुद्धा म्हणवून घेतात, तेव्हा आपण फार बोलू नये.

खेळ तसा समजायला सोपा आहे. शंभर यार्डांचं मैदान, दोन्हीकडे अकरा-अकरा माणसं. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं. सरकलात तर आणखी चार प्रयत्न, नाही तर चेंडू समोरच्यांना द्या. प्रत्येक प्रयत्नाआधी सगळे गोल करून, डोक्याला डोकं लावून कुजबुजतात. लग्नघरात मानपानाचा प्रश्न उभा राहिला की मुलीकडची मंडळी कोपऱ्यात जमतात ना, अगदी तसं. या कुजबुजीपायी साठ मिनिटांचा खेळ तीन तास चालतो. तर या मंडळींत क्वार्टरबॅक नावाचा एक कारभारी असतो. तो चेंडू लांब भिरकावतो आणि दूरवर धावत गेलेला रिसीव्हर तो झेलतो. आमच्या पिढीचा रिसीव्हर म्हणजे टेलिफोनचा. नंबर लागला नाही की तो आपटायची पद्धत होती. तिथेही रिसीव्हरला आपटतातच; फक्त आपटणारे शंभर-शंभर किलोचे असतात आणि झेल घेतला रे घेतला की लगेच आपटतात.

या आपटून घेण्याच्या धंद्यात वीस मोसम काढलेल्या माणसाचं नाव जेरी राईस. आपल्याकडे तांदळे असतात, तसा हा राईस. मी मूळचा कोकणातला असल्यामुळे आडनाव ऐकूनच मला घरचं कुणी भेटल्यासारखं वाटलं. जावई म्हणाले, “बाबा, आजवरचा सर्वांत मोठा खेळाडू कोण, असं इथे विचारलंत तर निम्मे लोक याचंच नाव घेतील.” जावई सॉफ्टवेअरवाले आहेत, तेव्हा आकडे त्यांच्या जिभेवर. मी कॅशियर होतो, तेव्हा आकडे माझ्या बोटांवर. दोघांनी मिळून हिशेब मांडला.

पण हिशेबाआधी विटा.

राईसचा जन्म १३ ऑक्टोबर १९६२चा. तो वाढला मिसिसिपी राज्यातल्या क्रॉफर्ड नावाच्या खेड्यात. वडील, जो नेथन राईस, गवंडी. घरात मुलं बरीच, आणि गवंड्याच्या मुलांनी सुट्टीत काय करायचं याबद्दल मिसिसिपीत आणि मिरजेत मतभेद असण्याचं कारण नाही. हा परांचीवर उभा राहायचा आणि खालून भाऊ विटा फेकायचा. एकेक नव्हे, चार-चार विटांची चवड. त्या हवेत सुटून चार दिशांना पांगणार आणि हा चारही झेलणार. आपल्याकडे कुठेही इमारतीचं काम चाललेलं असलं की हे दृश्य दिसतं. खालचा बिगारी न बघता वीट वर फेकतो, वरचा न बघता झेलतो आणि बघणारे आपण मात्र श्वास रोखून उभे. त्या बिगाऱ्याला कधी कुणी मैदानावर बोलावलं नाही, एवढंच. मिसिसिपीच्या उन्हात वीट सुटली तर वडिलांचा हात चुकत नसे, आणि वीट नीट झेलली नाही तर स्वतःचं बोट. म्हणजे झेल आणि भीती यांचं लग्न लहानपणीच लागलं.

पुढची गोष्ट मला फार आवडते. शाळेत असताना एकदा स्वारी वर्ग बुडवून बाहेर रेंगाळत होती. मागून पावलं न वाजवता उपमुख्याध्यापक आले आणि त्यांनी हाक मारली. पोरगं असं काही सुसाट सुटलं की उपमुख्याध्यापक बघतच राहिले. शिक्षा व्हायची ती दुसऱ्या दिवशी झालीच, पण त्या गृहस्थांनी फुटबॉलच्या प्रशिक्षकांना जाऊन सांगितलं की या मुलाच्या पायांत काहीतरी आहे. आमच्या शाळेतही मागून न वाजता येणारे एक सर होते. त्यांना बघून आम्हीही पळालो आहोत. आमचं पळणं बघून सरांनी प्रगतिपुस्तकात फक्त ‘वर्तन असमाधानकारक’ असा शेरा मारला. गुणग्राहकता नशिबात असावी लागते.

आईचा या धसमुसळ्या खेळाला विरोध होता, तो आयांचा असतोच. मोठ्या विद्यापीठांनी त्याच्याकडे ढुंकून पाहिलं नाही. मिसिसिपी व्हॅली स्टेट नावाच्या, कृष्णवर्णीय मुलांसाठी निघालेल्या एका लहानशा विद्यापीठात तो गेला. तिथे आर्ची कूली नावाचे प्रशिक्षक होते. चेंडू घेऊन पळण्यापेक्षा तो फेकावा, आणि सारखा फेकावा, अशा मताचे. फेकायला विली टॉटन आणि झेलायला राईस. १९८४च्या एका मोसमात राईसने २७ टचडाऊन झेलले. टचडाऊन म्हणजे चेंडू घेऊन शेवटच्या रेषेपलीकडे पोचणं. सहा गुण मिळतात. त्याच वर्षी फोर्टीनायनर्सचे प्रशिक्षक बिल वॉल्श सामन्यासाठी ह्यूस्टनला गेले असताना हॉटेलच्या खोलीत रात्री टीव्ही बघत बसले होते, त्यात त्यांना हा मुलगा दिसला. हॉटेलात रात्री टीव्ही बघत बसण्याने कुणाचं भलं झाल्याचं हे एकमेव उदाहरण माझ्या माहितीत आहे.

१९८५ला खेळाडूंची निवड झाली तेव्हा वॉल्शनी दुसऱ्या संघाशी देवघेव करून सोळावा क्रमांक मिळवला आणि राईसला घेतलं. त्याच्याआधी पंधरा जण निवडले गेले होते आणि त्यांत दोघे झेल घेणारेच होते. कारण काय, तर घड्याळ. तिथे चाळीस यार्ड पळायला लावतात आणि घड्याळ लावून बघतात. त्या घड्याळात राईस साधारण निघाला. स्थळ उत्तम, पण पत्रिकेत मंगळ, अशातली गत. पुढे वीस वर्षं मैदानावर एकदा का तो पुढे सुटला की त्याला मागून गाठणं मुश्किल होई, आणि पंडितांना हे कोडं सुटेना की घड्याळात सामान्य असलेला माणूस मैदानावर सापडत का नाही. मला विचारलं असतं तर सांगितलं असतं: घड्याळ लावतात तेव्हा मागे उपमुख्याध्यापक नसतात.

पहिल्या वर्षी मात्र हातांनी दगा दिला. विटा झेलणाऱ्या या माणसाच्या हातून सोपे सोपे झेल सुटू लागले आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली. मोसमाच्या शेवटाकडे, डिसेंबर १९८५मध्ये, लॉस एंजेलिसच्या संघाविरुद्ध त्याने एका सामन्यात २४१ यार्ड मिळवले, तेव्हा कुठे हुर्यो थांबली. पण त्याच्या मनातली थांबली नाही. पुढच्या मोसमाअखेर, जानेवारी १९८७च्या बाद फेरीत न्यूयॉर्क जायंट्सविरुद्ध झेल घेऊन तो एकटा सुटला. पुढे कुणी नाही, अंगाला कुणाचा स्पर्श नाही, आणि चेंडू आपणहून हातातून निसटला. सामना ४९-३ असा हरले. एका निसटलेल्या चेंडूने शेहेचाळीस गुणांचा फरक पडत नाही हे कुठल्याही कॅशियरला कळतं. पण ज्याच्या हातून चेंडू निसटला त्याला ते पटवणं कुठल्याही कॅशियरला जमणार नाही.

हे मी अधिकाराने बोलतो. माझं सगळं आयुष्य फोर्टातल्या एका बँकेत कॅशियरच्या पिंजऱ्यात गेलं. संध्याकाळी रोकड जुळली नाही तर फरक खिशातून भरायचा, हा नियम. छत्तीस वर्षं मी रोज संध्याकाळी पाच वाजता भ्यायलो. लोक म्हणायचे, काय हो यांचा हात! नोटा मोजतात की पत्ते पिसतात! हाताचं कौतुक होतं, पण हात चालवत होती ती पोटातली भीती. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी अजून पहाटे स्वप्न पडतं की रोकड दहा रुपयांनी कमी आहे आणि दिवा घालवायला शिपाई येऊन उभा आहे.

भीती पोटात असली की माणूस दोन गोष्टी करतो. आमच्यासारखा तिसऱ्यांदा मोजतो आणि राईससारखा टेकडीवर जातो. सॅन फ्रान्सिस्कोच्या दक्षिणेला सॅन कार्लोसपाशी एजवूड पार्क म्हणून टेकडी आहे. मोसम संपला, इतर खेळाडू गोल्फ खेळायला आणि मासे पकडायला गेले, की राईस आणि त्याचा सहकारी रॉजर क्रेग त्या टेकडीची अडीच मैलांची चढण पळत चढायचे. चालत नव्हे, पळत. इतर संघांतले तरणेबांड खेळाडू गुपित शिकायला म्हणून बरोबर यायचे आणि अर्ध्या वाटेवर झुडपाआड जाऊन ओकायचे. जावयांनी मला ती टेकडी दाखवायला नेलं होतं. वसंतात तिथे रानफुलं फार सुंदर येतात. ती मला अगदी बारकाईने बघता आली, कारण दर पन्नास पावलांवर मी फुलं बघायला थांबत होतो.

सरावातही या माणसाची एक खोड होती. साधा झेल घेतला तरी तिथे थांबायचं नाही. शेवटच्या रेषेपर्यंत धावत जायचं. मागे कुणी नाही, गुण नाहीत, टाळ्या नाहीत, तरी धावायचं. सोबतच्यांना आधी गंमत वाटली, मग लाज वाटली आणि मग तेही धावायला लागले. एक भित्रा माणूस सगळ्या कचेरीला कसा कामाला लावतो हे मी जवळून पाहिलेलं आहे. आमच्या कचेरीत मात्र अशा माणसाला बदली मिळते.

१९८७च्या मोसमात खेळाडूंचा संप झाला, म्हणून त्याला बाराच सामने मिळाले. त्यांत त्याने २२ टचडाऊन झेलले. जानेवारी १९८९ला मायामीत सुपर बोल, म्हणजे यांची महाअंतिम लढत. तीनेक मिनिटं उरलेली, सिनसिनाटीचा संघ तीन गुणांनी पुढे आणि फोर्टीनायनर्सना ९२ यार्ड कापायचे. अशा वेळी त्यांचा क्वार्टरबॅक जो मोंटाना सहकाऱ्यांना काय म्हणाला असेल? त्याने प्रेक्षकांत बसलेला एक विनोदी नट दाखवून विचारलं, तो जॉन कँडी ना रे? मुलीचा मुहूर्त टळत आला असताना ‘आचारी कोल्हापूरचा दिसतो’ म्हणणारे एक काका प्रत्येक घरात असतात, त्यातला हा मोंटाना. राईस त्या जातीतला नव्हता. त्याने त्या ९२ यार्डांतले ५१ तीन झेलांत कापले, आणि शेवटच्या क्षणी सगळे त्याच्यावर नजर ठेवून असताना चेंडू गेला जॉन टेलरकडे. जिंकून देणारा झेल टेलरचा, वीस विरुद्ध सोळा. पण सामन्याचा मानकरी ठरला राईस: ११ झेल, २१५ यार्ड. अशा तीन सुपर बोल त्याने जिंकल्या. पुढच्या दोन्हींत तीन-तीन टचडाऊन.

१९९७च्या पहिल्याच सामन्यात एका दांडग्या खेळाडूने शिरस्त्राणाची जाळी धरून त्याला खाली ओढलं. नियमाप्रमाणे पंधरा यार्डांचा दंड झाला आणि गुडघ्याचे स्नायुबंध तुटले. बारा मोसम दुखापतीपायी एकही सामना न चुकवलेला माणूस. डॉक्टर म्हणाले असतील, वर्ष विसरा. हा साडेतीन महिन्यांत, १५ डिसेंबरला मैदानावर हजर. त्या रात्री मोंटानाच्या सन्मानाचा समारंभ होता, तो कसा चुकवायचा! आला, टचडाऊन झेलला आणि पडताना त्याच गुडघ्याची वाटी मोडून घेतली. आमच्या हिचं मत असं की याला घरात कुणी विचारणारं नव्हतं का. मी काही बोललो नाही. १०२ ताप असताना मी एकदा क्लोजिंगला गेलो होतो, तो विषय निघू नये म्हणून.

आता तो हिशेब. कारकीर्दीत १,५४९ झेल, २२,८९५ यार्ड, सगळे मिळून २०८ टचडाऊन. यार्डांत दुसऱ्या क्रमांकावर लॅरी फिट्झगेराल्ड, १७,४९२. एका मोसमात हजार यार्ड मिळवले की खेळाडूला बरा म्हणतात, म्हणजे पहिल्या आणि दुसऱ्या क्रमांकांत पाच बऱ्या मोसमांचं अंतर. २२,८९५ यार्ड म्हणजे जवळजवळ एकवीस किलोमीटर. व्ही.टी.हून निघालं तर घाटकोपरच्या जरा पुढे. ते अंतर मी छत्तीस वर्षं रोज केलं आहे, आणि मलाही दोन्हीकडून माणसं आपटत होती, पण त्याची नोंद कुणी ठेवली नाही.

चाळिशीतही तो थांबेना. फोर्टीनायनर्सनी सोडल्यावर २००१ला खाडीपलीकडच्या ओकलंडच्या संघात गेला. २००२च्या मोसमात, ज्या वर्षी चाळीस पूर्ण झाली, त्याने ९२ झेल घेतले. प्रत्येक सामन्यात निदान एक तरी झेल, हा क्रम १९८५पासून चालत आलेला, तो २७४ सामन्यांनंतर सप्टेंबर २००४ला तुटला. मग सिॲटल, मग डेन्व्हरचं सरावशिबिर. तिथे चौथ्या-पाचव्या क्रमांकाची जागा दिसायला लागल्यावर २००५ला त्याने हात जोडले.

२०१०च्या ऑगस्टमध्ये ओहायोतल्या कँटन गावी त्याचा थोर खेळाडूंच्या मालिकेत समावेश झाला. तिथलं भाषण जावयांनी मला लावून दिलं. वाटलं होतं, देवाची कृपा, आईवडिलांचे आशीर्वाद, झालं. ते होतंच. ते उपमुख्याध्यापकही होते. पण मग हा माणूस सरळ सांगायला लागला की मला आयुष्यभर चालवलं ते अपयशाच्या भीतीने. आणि एकच खंत आहे, की या सगळ्याचा आनंद घ्यायला मी कधी थांबलोच नाही, सतत कामच करत राहिलो.

ही पलीकडे वांगी चिरत होती. ती म्हणाली, “अहो, महाबळेश्वरला बॉम्बे पॉइंटवर सूर्यास्त बघत होतो, तेव्हा तुम्ही मला काय विचारलं होतंत आठवतंय?”

आठवत होतं. व्हॉल्टची दुसरी किल्ली आज कुणाकडे असेल, असं विचारलं होतं. सूर्यास्त मात्र काही केल्या आठवेना.

“तरी बरं,” ही म्हणाली, “यांच्या टेकडीवर फुलं बघितलीत.”

आता माझं मत विचाराल तर राईससाहेबांच्या त्या खंतीवर माझा पुरता विश्वास नाही. सूर्यास्त बघत बसला असता तर एकवीस किलोमीटर झाले नसते, हे त्यालाही ठाऊक असणार. पण खंत खोटी आहे असंही म्हणवत नाही. दोन्ही खरं असतं. रोकडवहीत मात्र एकाच रकमेला दोन्हीकडे मांडता येत नाही, म्हणून मला तो हिशेब जमत नाही.

थांबायला मिळाल्यावर त्याने केलं काय, तर २००६ला टीव्हीवरच्या नाचाच्या स्पर्धेत उतरला! अंगाला घट्ट बसणारे चमचमते कपडे घालून हा गवंड्याचा मुलगा आठवड्यामागून आठवडे नाचला आणि दुसरा आला. २०१५ला बोलण्याच्या ओघात सांगून बसला की हातमोज्यांना थोडं चिकट द्रव्य लावत असे. ते १९८१पासूनच नियमाने बंद होतं, म्हणून गहजब झाला. तेव्हा त्याने, त्या काळात सगळेच लावायचे, अशा अर्थाचा खुलासा केला. जावयांना वाईट वाटलं. मला नाही. नोटा मोजताना बोट ओलं करायला आमच्यापुढेही स्पंजची वाटी असायचीच.

पण मला खरा भावला तो त्याचा शेवटचा करार. निवृत्ती आपल्या जुन्या संघातूनच व्हावी म्हणून २००६ला फोर्टीनायनर्सनी त्याला पुन्हा करारबद्ध केलं. खेळायचं काहीच नव्हतं. सही करायची आणि निवृत्त व्हायचं. करारातली रक्कम १९,८५,८०६ डॉलर आणि ४९ सेंट. ते ४९ सेंट बघून माझ्यातला कॅशियर ताडकन जागा झाला. वीस लाखांच्या व्यवहारात सुटे कुठून आले? जावयांनी कागदावर अमेरिकन पद्धतीने आकडा मांडून दाखवला: १९८५ हे निवडीचं साल, ८० हा त्याच्या अंगरख्यावरचा क्रमांक, ६ म्हणजे २००६ आणि ४९ म्हणजे फोर्टीनायनर्स. त्या संघाचं नावही १८४९च्या सोन्याच्या शोधात तिथे धावत आलेल्या माणसांवरून पडलेलं.

“आणि यातले हातात किती मिळाले?” मी विचारलं.

“एक सेंटसुद्धा नाही. नुसता मानाचा करार होता.”

म्हणजे जमा काही नाही, नावे काही नाही. मी जावयांकडून तो कागद मागून घेतला आणि रक्कम पुन्हा एकदा मोजून बघितली. बरोबर होती.